रहस्य न उलगडणारे सिनेमे: कुठला लावावा, कुठला सोडावा

‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ हा १९७५ सालचा ऑस्ट्रेलियन सिनेमा एका वितरकाला दाखवला, तेव्हा शेवट झाल्याबरोबर त्याने हातातला कॉफीचा कप पडद्यावर भिरकावला. आयुष्यातले दोन तास खर्ची घातले आणि रहस्याचा उलगडाच नाही, म्हणून. हा किस्सा सांगणारे खुद्द दिग्दर्शक पीटर वीअर. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९६० साली, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनींच्या ‘लाव्हेंतुरा’ची अशीच हुर्यो उडाली होती. त्यात एका बेटावर एक तरुणी नाहीशी होते आणि हळूहळू सिनेमातली माणसंच तिला विसरून जातात. (त्याच महोत्सवात त्याला ज्यूरीचं पारितोषिकही मिळालं. समीक्षक आणि शिट्ट्या मारणारे एकाच थिएटरात बसतात.)

कप फेकणाऱ्याची बाजू मला समजते. आपण तर उलगड्यावरच पोसलेले. बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा नायक झुंजार असो की काळा पहाड, शेवटच्या पानापर्यंत सगळ्या गाठी सुटलेल्या असायच्या. राजा परांजप्यांच्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४) कोर्टात उभ्या असलेल्या बाईचं गौडबंगाल शेवटी लख्ख उलगडतं, आणि म्हणूनच तो पुढे हिंदीत ‘मेरा साया’ होऊन चालला. तिकीट काढलं की खुनी कोण ते कळणार, हा आपला अलिखित व्यवहार आहे. तो मोडला की चिडचिड होते, आणि ती चिडचिड म्हणजे अडाणीपणा, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं जमत नाही.

पण चिडचिड प्रत्येक वेळी सारखी नसते. काही सिनेमे उत्तर न देता संपले तरी दोन दिवस डोक्यातून जात नाहीत. काहींच्या बाबतीत मात्र सरळ फसवल्यासारखं वाटतं. हा फरक कशाने पडतो याचा विचार करताना मला एक प्रश्न उपयोगी पडला: उत्तर अडवून धरलंय कोणी? कधी उत्तर जगातच नसतं. कधी ते असतं, पण पोलिसांच्या, सरकारच्या, काळाच्या हातून निसटलेलं असतं. कधी आपण ज्याच्या डोळ्यांनी गोष्ट बघतो त्यालाच ते दिसत नाही. आणि कधी दिग्दर्शक खिशात घालून बसलेला असतो. पहिले तीन प्रकार मला चालतात. चौथ्याशी माझं भांडण आहे.

कुणीतरी ‘हा बघच’ म्हणून यातलं एखादं नाव सुचवलं आहे, पण शेवटी डोकं भंजाळून झोप उडेल अशी धास्ती वाटते आहे, अशांसाठी हा आढावा आहे. शेवट फोडल्याचा आरोप येणार नाही, कारण फोडण्यासारखा शेवट यातल्या बहुतेकांना नाहीच. मधल्या काही गोष्टी मात्र सांगाव्या लागतील.

हँगिंग रॉक: उत्तर जगातच नाही

‘पिकनिक’पासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त शिव्या यानेच खाल्ल्या आहेत, आणि माझ्या मते सगळ्यात कमी त्याच्याच वाट्याला यायला हव्या होत्या.

१४ फेब्रुवारी १९००. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातलं मुलींचं एक खानदानी निवासी विद्यालय. मुली सहलीला निघतात, ज्वालामुखीच्या खडकांचे सुळके असलेल्या एका टेकाडापाशी. उन्हाळ्याचे दिवस (तिकडे फेब्रुवारीत ऊन असतं), अंगावर गळ्यापर्यंत बंद पांढरे पोशाख, आत करकचून आवळलेले कॉर्सेट. दुपारी बारा वाजता घड्याळं बंद पडतात. चौघी जणी सुळक्यांकडे चालू लागतात. एक किंचाळत परत येते, बाकीच्या येत नाहीत. गणिताच्या बाईही गायब. काही दिवसांनी त्यातली एक सापडते. जिवंत, पण तिला काही आठवत नाही. अनवाणी सापडलेल्या या मुलीच्या पायांवर साधा ओरखडा नाही. बाकीच्यांचं काय झालं हे सिनेमा सांगत नाही, आणि तो सांगणार नाही याची सूचना पहिल्या पाटीतच देतो: या मुलींपैकी काही जणी कुठलाही मागमूस न ठेवता नाहीशा झाल्या. म्हणजे करार पहिल्याच मिनिटाला वाचून दाखवला आहे. आपणच सवयीने तो न वाचता सही करतो.

गंमत अशी की उत्तर लिहून झालं होतं. जोन लिंडसे यांच्या मूळ कादंबरीला (१९६७) आणखी एक शेवटचं प्रकरण होतं. प्रकाशनाआधी ते काढून टाकण्यात आलं आणि लेखिका गेल्यावर १९८७ साली स्वतंत्रपणे छापलं गेलं. त्यात मुली कॉर्सेट काढून कड्यावरून फेकतात, ते खाली न पडता हवेत थबकून राहतात, काळाला भोक पडल्यासारखं काहीतरी होतं, वगैरे. वाचल्यावर वाटतं, काढलं ते बरं केलं. ‘उत्तर हवं होतं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते प्रकरण एकदा वाचावं. उत्तर मिळाल्यावर खडक लहान होतो.

आणखी एक गोष्ट, जी या सिनेमावर बोलताना सहसा कुणी काढत नाही. यात एक रहस्य पूर्ण उलगडतं, फक्त ते आपल्यापुरतं. विद्यालयात सारा नावाची एक अनाथ मुलगी आहे, फी थकलेली, मुख्याध्यापिकेच्या डोळ्यांत सलणारी. ती अनाथालयात दुरावलेल्या भावाची आठवण काढत असते. त्याच गावात घोड्यांची निगा राखणारा अल्बर्ट नावाचा तरुण आहे, त्याला अनाथालयातल्या बहिणीची आठवण येते. दोघं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. आपल्याला ते कळतं, त्यांना कधीच कळत नाही. सुळक्यांवर हरवलेल्या मुलींसाठी अख्खं गाव, पोलीस, कुत्री, वर्तमानपत्रं. आणि या हरवलेल्या भावंडांसाठी कुणीच नाही. दुसऱ्यांदा बघताना मला सुळक्यांपेक्षा हेच जास्त लागलं.

तक्रारीची जागाही आहे. सहलीनंतरचा भाग विद्यालयाच्या मोडकळीचा आहे. पालक मुलींची नावं काढून घेतात, मुख्याध्यापिका ॲपलयार्ड बाई दारूच्या आहारी जातात. तो भाग सुटा वाटतो, गती पार उतरते. कॅमेरामन रसेल बॉइड यांनी भिंगावर वधूच्या डोक्यावरचं झिरझिरीत कापड लावून चित्रण केलं. त्यामुळे सगळं धूसर सोनेरी दिसतं. सुरुवातीला भूल पडते, तासाभराने डोळे चोळावेसे वाटतात. रुमानियन वादक झाम्फिरची बासरी कानात राहते, काहींच्या डोक्यातही जाते. वीअर यांनी १९९८ साली आपली आवृत्ती काढली ती सातेक मिनिटांनी लहान केलेली. दिग्दर्शकाची आवृत्ती मूळ सिनेमापेक्षा आखूड, हे विरळाच. मिळालीच तर तीच बघा.

आणि हो, हे खरंच घडलं होतं, असं तुम्हाला कुणीतरी छातीठोकपणे सांगेल. घडलं नव्हतं. सिनेमा १४ फेब्रुवारी १९०० ला शनिवार म्हणतो, प्रत्यक्षात त्या दिवशी बुधवार होता. लिंडसे बाईंनी मात्र खरं की खोटं याचं सरळ उत्तर द्यायचं कायम टाळलं.

मेमरीज ऑफ मर्डर आणि झोडियाक: उत्तर होतं, हातून निसटलं

हे दोन्ही खऱ्या प्रकरणांवरचे, दोन्हीत खुनी सापडत नाही, दोन्ही लांब. पहिला बोंग जून-हो यांचा, २००३ सालचा, कोरियन, सव्वादोन तासांहून थोडा कमी. दुसरा डेव्हिड फिंचर यांचा, २००७ सालचा, अमेरिकन, अडीच तासांहून थोडा जास्त. एकच बघायला वेळ असेल तर मी डोळे झाकून पहिला सांगेन. पण कारणं सांगायला हवीत, कारण सहसा लोक उलट निवड करतात. नावं ओळखीची, भाषा इंग्रजी, म्हणून ‘झोडियाक’.

‘मेमरीज’मधलं प्रकरण दक्षिण कोरियातल्या ह्वासंग भागातलं. १९८६ ते १९९१ या काळात तिथे दहा स्त्रियांचे खून झाले. काळ लष्करी राजवटीच्या शेवटच्या पर्वाचा. सिनेमात खून झालेल्या जागी पोलीस पोचतात तोवर बघे आणि पोरंटोरं शेतात नाचत असतात. पावलाचा एकमेव ठसा ट्रॅक्टरच्या चाकाखाली जातो. आज रात्री खून होणार अशी खात्री असते, जादा शिपाई मागितले जातात, पण ते निदर्शकांना बडवायला दुसऱ्या शहरात पाठवलेले. स्थानिक हवालदारछाप पार्क (साँग कांग-हो) म्हणतो, मी डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो. सोलहून आलेला अधिकारी म्हणतो, कागद खोटं बोलत नाहीत. सिनेमाभर या दोघांची अदलाबदल होत जाते, आणि शेवटाकडे कागदवाला पिस्तूल काढून उभा असतो, तेव्हा आपल्याला कळतं की रहस्य उलगडलं नाही याचं दुःख आपल्यापेक्षा त्यांना जास्त आहे.

निराशा इथे गोष्टीचाच भाग आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. दिग्दर्शक आपल्यापासून काही लपवत नाही. जे पोलिसांना माहीत, ते सगळं आपल्याला माहीत. लाल कपडे, पाऊस, रेडिओवर त्याच रात्री वाजणारं तेच गाणं, डीएनए तपासायला अमेरिकेला पाठवलेला नमुना (कारण देशात ती सोयच नव्हती). धागे आहेत, तोकडे पडतात. तोकडे का पडतात हे मात्र सिनेमा लख्ख दाखवतो: मारहाण करून घेतलेले कबुलीजबाब, खोटा पुरावा, हुकूमशाहीत भलतीकडे गुंतलेलं पोलीस खातं. ‘कोण’ याचं उत्तर नसलं तरी ‘का सापडला नाही’ याचं उत्तर इतकं पुरेपूर दिलंय की भूक शिल्लक राहत नाही.

आता पुढचा भाग. सिनेमा कोरा बघायचा असेल तर हा परिच्छेद सोडा. २०१९ साली कोरियन पोलिसांनी जुन्या पुराव्यावरच्या डीएनएवरून गुन्हेगाराची ओळख पटवली. तो १९९४ साली आपल्या मेहुणीचा खून केल्याबद्दल आधीच जन्मठेप भोगत होता. त्याने चौदा खुनांची कबुली दिली. खटल्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती, त्यामुळे या खुनांसाठी त्याच्यावर कारवाई होऊ शकली नाही. त्याहून वाईट म्हणजे आठव्या खुनासाठी भलत्याच माणसाने सुमारे वीस वर्षं तुरुंगात काढली होती. पोलिसांनी छळ करून कबुली घेतल्याचं तो सांगत आला. २०२० च्या डिसेंबरमध्ये तो निर्दोष ठरला. हे माहीत झाल्यावर सिनेमातले कबुलीजबाबाचे विनोदी प्रसंग (आणि ते खरोखर विनोदी आहेत) घशात अडकतात. बोंग यांनी म्हटलंय की खुनी हा सिनेमा बघायला येईल असं त्यांना वाटत होतं, म्हणून शेवटी पार्कला थेट कॅमेऱ्यात बघायला लावलं. पुढे कळलं की त्याने तुरुंगात तो पाहिला होता.

‘झोडियाक’ वेगळ्या जातीचा. सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९६८-६९ साली झालेले खून, वर्तमानपत्रांना येणारी पत्रं, त्यातले सांकेतिक मजकूर. वर्तमानपत्रातला एक व्यंगचित्रकार (जेक जिलनहाल) या कोड्याच्या इतका नादी लागतो की संसार उधळला जातो. हा फायलींचा, फोनचा, हस्ताक्षर तपासणाऱ्यांचा सिनेमा आहे; ज्यांना तपासाची बारीक उकल आवडते त्यांना मेजवानी. तळघरातला एक प्रसंग असा आहे की दिवे लावून बघा.

पण फिंचर उत्तर देतात आणि देत नाहीत. शेवटाकडे बोट एका संशयिताकडे इतकं ठाम वळतं की थिएटरातून निघताना बहुतेक जण ‘तोच’ म्हणतात. हे बोट मुळात त्या व्यंगचित्रकाराच्याच पुस्तकांमधलं आहे. प्रत्यक्षात बोटांचे ठसे, हस्ताक्षर आणि पुढे डीएनए, यांतलं काही त्या माणसाशी जुळलं नाही. १९९२ साली तो वारला आणि प्रकरण कागदोपत्री अजून उघडंच आहे. १९६९ साली आलेला ३४० चिन्हांचा सांकेतिक मजकूर २०२० च्या डिसेंबरमध्ये हौशी मंडळींनी फोडला, एक्कावन्न वर्षांनी. त्यात बढाया होत्या, नाव नव्हतं.

तेव्हा शेवटी हातात काहीतरी पडल्याचं समाधान हवंच असेल तर ‘झोडियाक’ सोयीचा. ते समाधान किती पक्कं आहे, हे मात्र वर लिहिलंय.

कॅशे: उत्तर दिग्दर्शकाच्या खिशात

मिकाएल हानेके यांचा हा २००५ सालचा फ्रेंच सिनेमा. मला तो मोठा वाटतो आणि त्याच्यावर माझा रागही आहे.

पॅरिसमधलं सुखवस्तू कुटुंब. नवरा जॉर्ज (दानिएल ओतोय) टीव्हीवर पुस्तकांचा कार्यक्रम करतो, बायको ॲन (ज्युलिएत बिनोश) प्रकाशनात, शाळकरी मुलगा. एक दिवस दाराशी व्हिडिओ कॅसेट येते: त्यांच्याच घराचं समोरच्या गल्लीतून केलेलं लांबलचक चित्रण. मग आणखी कॅसेटी, सोबत तोंडातून रक्त ओघळणाऱ्या माणसाची लहान मुलासारखी चित्रं. कुणीतरी पाळत ठेवतंय. कोण?

पहिला शॉटच असा आहे की आपण सिनेमा बघतोय की कॅसेट, हे कळायला वेळ लागतो. त्यानंतर प्रत्येक स्थिर शॉट सुरू झाला की पोटात गोळा येतो. पार्श्वसंगीत अजिबात नाही. भीती घालायचं हे कसब बघून घ्यावं असं आहे.

धागे जॉर्जच्या लहानपणाकडे जातात. घरी शेतावर काम करणाऱ्या अल्जीरियन जोडप्याचा मुलगा माजिद. त्याचे आईवडील १७ ऑक्टोबर १९६१ ला पॅरिसमधल्या मोर्चाला गेले ते परतलेच नाहीत. ही तारीख खरी आहे. अल्जीरियन लोकांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध त्या रात्री मोर्चा निघाला होता. पोलीसप्रमुख मोरिस पापों यांच्या पोलिसांनी माणसं मारली, काहींना सीन नदीत फेकलं. फ्रेंच सरकारने अनेक दशकं यावर पांघरूण घातलं आणि मृतांचा आकडा आजही वादात आहे. पोरक्या माजिदला जॉर्जचे आईवडील दत्तक घेणार होते. सहा वर्षांच्या जॉर्जने त्याच्याविरुद्ध एक खोटं रचलं आणि माजिदची रवानगी अनाथालयात झाली.

हानेके यांचं म्हणणं सरळ आहे: कॅसेट कोण पाठवतो हा प्रश्नच गौण. माणूस आणि देश आपला अपराध कसा गाडतात, आणि तो वर आला की किती खोटं बोलतात, ते बघा. मुद्दा मान्य. पण मग तुम्ही दोन तास माझं बोट धरून मला ‘कोण’ या प्रश्नामागे कशाला पळवलंत? काही कॅसेटी ज्या कोनातून चित्रित झाल्या आहेत, तिथे कॅमेरा असता तर जॉर्जला दिसलाच असता. म्हणजे या गोष्टीच्या जगात त्या कॅसेटी काढू शकेल असा माणूसच नाही. त्या काढणारा दिग्दर्शक. गळाला रहस्यकथेचं आमिष लावायचं आणि मासा लागला की ‘मला मासेमारीत रस नाही’ म्हणायचं. बाकीच्या सिनेमांत मी नायकाबरोबर हतबल असतो. इथे हानेके साहेब वरून माझी परीक्षा घेताहेत आणि मी नापास होणार हे त्यांना आधीच माहीत आहे, असं काहीसं वाटत राहतं.

माझे काही मित्र नेमकं याच कारणासाठी ‘कॅशे’ला या यादीत पहिला नंबर देतात: लपवाछपवीवरच्या सिनेमाने स्वतःही लपवाछपवी करावी, यात त्यांना न्याय दिसतो. तुम्हाला तसं वाटत असेल तर बेशक बघा. शेवटचा शॉट शाळेच्या पायऱ्यांचा आहे, लांब आणि गर्दीचा. डावीकडे खाली नजर ठेवा, पुष्कळ जणांच्या ते नजरेतून सुटतं. बघितल्यावर उत्तर मिळत नाहीच, प्रश्न आणखी एकाने वाढतो. कोंबड्याची मान तोडण्याचा एक प्रसंग आहे आणि त्याहून भयंकर, कसलीही चाहूल न देता येणारा दुसरा एक. जेवता जेवता लावू नका.

बर्निंग: उत्तर आहे, पण पुरावा नाही

ली चांग-डोंग यांचा २०१८ चा कोरियन सिनेमा, हारुकी मुराकामी यांच्या एका कथेवरून घेतलेला. गरीब, लेखक होऊ पाहणारा जोंग-सू. त्याची बालपणीची ओळखीची मुलगी हे-मी. आणि तिने आफ्रिकेच्या सहलीवरून बरोबर आणलेला श्रीमंत बेन. काय काम करतो विचारलं तर म्हणतो, खेळतो. एका संध्याकाळी बेन जोंग-सूला सांगतो की त्याला एक छंद आहे: दर दोनेक महिन्यांनी एखादं पडीक हरितगृह पेटवायचं. त्यानंतर हे-मी दिसेनाशी होते.

इथे धाग्यांची वाण नाही. मांजर, मनगटी घड्याळ, लहानपणीची विहीर. तुम्ही सरळमार्गी प्रेक्षक असाल तर निकाल देऊन मोकळे व्हाल आणि तो बहुधा चूक नसेल. पण सगळं दिसतं ते जोंग-सूच्या डोळ्यांनी, आणि त्या डोळ्यांत मत्सर आहे, गरिबीची चीड आहे, शिवाय तो कथा रचायच्या प्रयत्नात असलेला माणूस. पुरावा पुरावाच आहे की त्याने लिहिलेली गोष्ट? सुरुवातीलाच हे-मी नसलेलं संत्रं सोलून खाण्याचा मूकाभिनय करते आणि सांगते, संत्रं आहे असं समजू नकोस, ते नाही हे विसर. सिनेमा कसा बघायचा याची याहून प्रामाणिक सूचना मी दुसऱ्या कुठल्या रहस्यपटात पाहिलेली नाही.

अडचण वेगाची. अडीच तासांना दोन मिनिटं कमी, आणि ज्याला रहस्य म्हणावं ते सुरू व्हायलाच जवळपास अर्धा सिनेमा जातो. तोवर उत्तर कोरियाच्या सीमेजवळचं गाव, पलीकडून ऐकू येणारे प्रचाराचे भोंगे, जनावराचं शेण, संध्याकाळचा उजेड. मला हे सगळं आवडतं. पण रात्री साडेदहानंतर दमून भागून बसणार असाल तर तुम्ही झोपाल, आणि तो दोष तुमचा नसेल.

अंधाधुन, घरच्यांसाठी

वरचं सगळं वाचून ‘नको रे बाबा’ वाटलं असेल तर श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) आहेच. बहुतेकांनी पाहिलाय, म्हणून थोडक्यात. पुण्यात घडणारा, राधिका आपटे, अश्विनी काळसेकर आणि छाया कदम यांच्यासारखी आपली माणसं असलेला. खून कोणी केला हे मध्यंतराच्या बरंच आधी कळतं. लोंबकळत राहतं ते शेवटच्या दहा मिनिटांत आंधळ्याचं सोंग घेणाऱ्या नायकाने, आकाशने, सांगितलेलं खरं की रचलेलं, एवढंच. उत्तर अडवून धरलंय ते एका थापाड्याने, आणि तो थापाड्या आहे हे आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे. त्यामुळे ससा, काठी आणि डबा यांवर घरात तासभर वाद होतो, पण कप कुणी फेकत नाही. न उलगडणाऱ्या शेवटाची सवय लावायला याहून बरी शाळा नाही.

मग कुठला?

आयुष्यात असा एकच सिनेमा बघणार असाल तर ‘मेमरीज ऑफ मर्डर’. सबटायटलांचा कंटाळा असेल तरी तोच. दहा मिनिटांनी ती वाचतोय हे विसरायला होतं. स्त्रियांवरच्या अत्याचाराचे प्रसंग आहेत, मुलांना घेऊन बसू नका.

अधांतरी शेवटाचा मुळातच तिटकारा असेल तर ‘झोडियाक’, आणि नंतर त्या प्रकरणाबद्दल फार वाचू नका.

हिंसा अजिबात नको, पण अंगावर काटा चालेल, तर ‘पिकनिक’. यात रक्त जवळजवळ नाही. शाळकरी, समंजस मुलींबरोबर बघता येईल असा या यादीतला ‘अंधाधुन’खेरीज हा एकच. मात्र रहस्यपट म्हणून लावू नका. दुपारी, सुट्टीच्या दिवशी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून लावा.

‘बर्निंग’ एकट्याने बघायचा. बरोबर कुणी असलं की ते अर्ध्यात ‘पुढे काय’ विचारतं, आणि पुढे काय याचं उत्तर द्यायची वेळ आली की तुम्हीही जोंग-सूइतकेच बुचकळ्यात.

‘कॅशे’ सर्वांत शेवटी, बाकीचे पचल्यावर. हा पहिलाच लावलात तर उरलेल्यांच्या वाटेला तुम्ही जाणारच नाही, आणि त्यात नुकसान ‘मेमरीज’चं होईल.

एक सूचना सगळ्यांनाच लागू. सिनेमा संपल्या संपल्या यूट्यूबवर शेवटाचा अर्थ सांगणारे व्हिडिओ उघडू नका. ‘कॅशे’चा खुलासा करणारे एकमेकांना छेद देतात, ‘बर्निंग’चे सगळे एकच निकाल देऊन मोकळे होतात, आणि ‘पिकनिक’चे तेच वगळलेलं शेवटचं प्रकरण वाचून दाखवतात.